गोव्याची जुनी रेल्वे: बेळगाव–लोंढा–कॅसलरॉक–मुरगाव मार्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला की दूधसागरचे फोटो फिरायला लागतात आणि त्यामागोमाग प्रश्न येतात. बेळगाव, खानापूर, लोंढा, अळणावर, रामनगर या पट्ट्यातून येणारे बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. गोव्याच्या बाजूनं या रेल्वेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. इथे ती घाटावरून पाहिली आहे, कारण हा मार्ग बांधला गेला तो घाटावरच्या मालासाठी.

१. ही नेमकी कुठली रेल्वे? कोकण रेल्वेच ना?

नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि ती कोकणपट्टीतून उत्तर-दक्षिण धावते. ही त्याहून शंभर-एक वर्षं जुनी. मुरगाव बंदरातून निघून वास्को, मडगाव, सावर्डे, कुळे असं करत ती सह्याद्री चढते, दूधसागरवरून कॅसलरॉकला येते आणि पुढे तिनईघाटवरून लोंढ्याला. लोंढ्याहून एक फाटा खानापूर, बेळगाव, घटप्रभा, मिरजेकडे जातो आणि दुसरा अळणावरवरून धारवाड-हुबळीकडे. दोन्ही रेल्वे एकमेकींना मडगावच्या भागात भेटतात, त्यामुळे घोटाळा होतो.

२. मग हिला किनाऱ्यावरची रेल्वे का म्हणतात? आम्हाला तर फक्त घाट आठवतो.

दोन्ही खरं. माजोर्ड्याच्या पुढे वेळसांव-काणसावलीकडून वास्कोपर्यंत रूळ समुद्राच्या अगदी जवळून जातात आणि माडांच्या फटीतून पाणी दिसतं. मुरगावला तर रूळ थेट बंदराच्या धक्क्यापर्यंत नेले होते. मुरगाव ते कॅसलरॉक अंतर सुमारे ८२ किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी समुद्रसपाटीवरून घाटमाथ्यावर येते. आपल्याकडच्या माणसांना घाट जास्त आठवतो, कारण समुद्र येईपर्यंत निम्मा डबा झोपलेला असायचा.

३. ही पोर्तुगीजांनी बांधली की इंग्रजांनी?

जमीन पोर्तुगालची, पैसा आणि इंजिनिअर लंडनचे. १८८१ साली लंडनमध्ये ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनी’ उभी राहिली. नावातला ‘गॅरंटीड’ महत्त्वाचा: भांडवलावर ठरलेलं व्याज मिळेल याची हमी पोर्तुगाल सरकारनं घेतली होती. धंदा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर लिस्बनच्या तिजोरीतून भरपाई. कंपनीला बंदर आणि रेल्वे दोन्ही बांधायची होती. कॅसलरॉकच्या वरचा भाग मात्र दुसऱ्या कंपनीचा, सदर्न मराठा रेल्वेचा (प्रश्न ५ पाहा).

४. या रेल्वेमागे मीठ होतं असं ऐकलं. मिठाचा आणि रेल्वेचा काय संबंध?

बराच. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबरदस्त कर होता. गोव्यातल्या मिठागरांत मात्र मीठ स्वस्त, आणि लमाण-वंजारी बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून ते घाट चढवून आणत. परत जाताना धान्य नेत. हे मीठ खानापूर-बेळगावच्या बाजारात आलं की सरकारचा कर बुडायचा. एवढ्या जंगलात जागोजाग चौक्या बसवणं इंग्रजांना परवडत नव्हतं.

२६ डिसेंबर १८७८ रोजी दोन्ही सरकारांत करार झाला. गोव्याच्या मिठाचं नियंत्रण इंग्रजांकडे गेलं, बदल्यात पोर्तुगालला वर्षाला ४ लाख रुपये ठरले. सीमेवरची जकात उठली आणि त्याच करारात रेल्वेचीही तरतूद झाली. पोर्तुगालचा हिशेब असा, की जकात नसली तर घाटावरचा कापूस आणि धान्य मुरगावला उतरेल आणि बंदर भरभराटीला येईल.

हिशेब फसला. करार जानेवारी १८८० पासून १२ वर्षांसाठी लागू होता आणि जानेवारी १८९२ मध्ये तो संपला. रेल्वे पूर्ण सुरू झाली १८८८ मध्ये. म्हणजे ज्या मोकळ्या व्यापाराच्या भरवशावर एवढा घाट फोडला, तो रेल्वेला मिळाला जेमतेम चार वर्षं. पुढे सीमेवर पुन्हा जकात आली आणि व्याजाची हमी पोर्तुगालच्या गळ्यात राहिली. या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हा भाग, धबधबा नव्हे.

५. बेळगावात रेल्वे आली ती गोव्यामुळेच का?

अर्धं उत्तर हो. दुसरं अर्धं दुष्काळात आहे. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, विजापूरकडची माणसं धान्य वेळेवर न पोचल्यानं मेली. त्यानंतर दुष्काळी भागात धान्य नेता यावं म्हणून रेल्वे टाकायचं ठरलं, आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. हिचे रूळ हुबळी, लोंढा, बेळगाव असे पसरले आणि पुढे मिरजमार्गे पुण्यापर्यंत गेले. कॅसलरॉकला ते गोव्याच्या रुळांना जोडले.

त्याआधी बेळगावचा कापूस बैलगाड्यांनी आंबोलीच्या घाटानं वेंगुर्ल्याला जायचा. वेंगुर्ला तेव्हा चांगलं चालतं बंदर होतं. रेल्वे आली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. आज वेंगुर्ल्याला मासे खायला जाणाऱ्या बेळगावकराला हे सांगितलं तर पटत नाही.

गंमत म्हणजे पुण्याचा मार्ग जोडला गेल्यावर घाटावरचा बराच माल मुंबईकडे वळला. ज्या रेल्वेनं मुरगावला माल पोचवायचा, तिच्याच दुसऱ्या टोकानं तो पळवला.

६. कारवार बंदर जवळ असताना मुरगाव का निवडलं?

कारवारला रेल्वे नेण्याची योजना आधीपासून होती. कारवार-हुबळी मार्गाची मोजमापं झाली होती, व्यापारी आशेवर होते. पण १८७८ चा करार झाल्यावर पारडं मुरगावकडे झुकलं आणि कारवारची योजना मागे पडली. हुबळी-अंकोला रेल्वेची चर्चा अजून सुरू आहे, जंगलाच्या मुद्द्यावर अडलेली.

७. पहिली गाडी कधी धावली?

टप्प्याटप्प्यानं. मुरगाव ते सावर्डे हा सपाटीचा भाग जानेवारी १८८७ मध्ये सुरू झाला. घाटाचा भाग होऊन सरहद्दीपर्यंत गाडी पोचली फेब्रुवारी १८८८ मध्ये. तारखांबद्दल वाद होतो तो यामुळेच: कोणी पहिला टप्पा धरतं, कोणी दुसरा.

८. वाफेचं इंजिन एवढा घाट चढायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, तेव्हा जरा सविस्तर.

कुळे ते कॅसलरॉक या भागाला पोर्तुगीज राजघराण्यावरून ब्रागांझा घाट म्हणतात. इथला चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, किलोमीटरला २७ मीटर. दुचाकीवर बसलेल्या माणसाला हा चढ जाणवणारही नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा मात्र तो भयंकर असतो, कारण पकड फार थोडी असते. पावसात रूळ ओले, त्यावर सडलेला पाला पडलेला, की चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागतात.

त्यावर उपाय वाळूचा. इंजिनावर वाळूची पेटी असते आणि तिच्यातून नळी थेट चाकाच्या पुढ्यात उतरते. ड्रायव्हर दांडा ओढतो, बारीक वाळू रुळावर पडते, चाकाला पकड मिळते. वाळू कोरडी हवी. दमट वाळू नळीत तुंबते, म्हणून घाटाच्या स्टेशनांवर ती भाजून वाळवावी लागे. जून ते सप्टेंबर कॅसलरॉकला कोरडं काही ठेवून दाखवा, म्हणजे हे काम काय होतं ते कळेल.

एका इंजिनाच्या बळावर गाडी चढत नसे. पुढे एक, मागून ढकलायला दुसरं. मागच्याला बँकर म्हणतात. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये वळणं आणि बोगदे. बोलणं शिट्टीवर: निघायला अमुक शिट्ट्या, थांबायला तमुक, उत्तर आल्याशिवाय रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारी झडप) उघडायचा नाही. घाटाजवळच्या गावांतली म्हातारी माणसं शिट्टीवरून गाडी वर निघाली की खाली, ते सांगत.

बोगद्यात खरे हाल मागच्या इंजिनावरच्या माणसांचे. पुढच्या इंजिनानं बोगदा धुरानं भरलेला असतो आणि त्यात हे शिरतात, फायरबॉक्सचं दार तोंडासमोर. फायरमन ओला पंचा नाकाला बांधत. डब्यातले लोक खिडक्या पटापट खाली ओढत, तरी कोळशाचा कण डोळ्यात जायचाच.

उतरताना भीती वेगळी. चढताना इंजिन दमतं, उतरताना ब्रेक तापतात. खाली निघण्याआधी कॅसलरॉकला ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय गाडी सोडत नसत. ही शिस्त आजही आहे. गाडी तिथे बराच वेळ उभी का राहते म्हणून वैतागणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

९. कोणत्या जातीची इंजिनं होती?

मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गावरची. स्वातंत्र्यानंतरच्या काळात देशभर मीटर गेजवर प्रवासी गाड्यांना वायपी आणि मालगाड्यांना वायजी ही वाफेची इंजिनं सर्रास होती. नंतर वायडीएम-४ जातीचं डिझेल आलं. मीटर गेजच्या शेवटच्या वर्षांत घाटात गेलेल्यांना डिझेलच आठवतं. आजोबांना वाफ आठवते आणि वडिलांना डिझेल, म्हणून घरात भांडू नका. दोघंही बरोबर आहेत.

१०. कॅसलरॉक बेळगाव जिल्ह्यात येतं का?

नाही. ते उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यात. लोंढा मात्र बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. दूधसागर गोव्यात.

११. कॅसलरॉकला कस्टमची झडती व्हायची म्हणतात, ते कशासाठी?

ती दोन देशांमधली हद्द होती. १८९२ नंतर जकात परत आली (प्रश्न ४), तेव्हापासून गाडीतल्या माणसांची आणि सामानाची तपासणी ठरलेली. इकडे कॅसलरॉकला ब्रिटिशांची, पुढे स्वतंत्र भारताची. तिकडे कुळ्याला पोर्तुगीजांची. ट्रंका फलाटावर उघड्या पडायच्या. गोव्यातून वर येणारी दारू, परदेशी कापड, घड्याळं यांवर डोळा असे. फेणीच्या बाटल्या कुठे-कुठे लपवल्या याच्या कथा प्रत्येक जुन्या खानापूरकराकडे आहेत. सगळ्या खऱ्या मानल्या तर त्या काळी डब्यात माणसांपेक्षा बाटल्या जास्त असाव्यात.

१२. स्वामी विवेकानंद या रेल्वेनं गेले होते का?

१८९२ च्या ऑक्टोबरात ते बेळगावात मुक्कामाला होते. आधी भाटे यांच्याकडे, मग वनअधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे. तिथून ते रेल्वेनं गोव्याला गेले आणि राशोलच्या सेमिनरीत राहून ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यास केला. बेळगावहून गोव्याची रेल्वे ती एकच, तेव्हा मार्ग हाच.

१३. गोव्याचा भाग पुढे सदर्न मराठाकडे गेला म्हणतात, मग हद्दीचं काय?

हद्द तशीच राहिली, गाड्या चालवणारे बदलले. तोट्यातली रेल्वे स्वतः चालवण्यापेक्षा १९०२ च्या करारानं ती चालवायचं काम सदर्न मराठा कंपनीकडे दिलं गेलं. मालकी पोर्तुगीज हमीच्या कंपनीची, माणसं आणि इंजिनं घाटावरची. म्हणूनच लोंढ्या-हुबळीची कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या ‘गोवा लाइनी’वर ड्यूटी करत आली.

१४. १९५५ ला गाडी बंद का झाली?

गोवामुक्तीचा लढा तापला होता. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यातलं सरहद्दीवरच्या पत्रादेवीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि सरहद्दीवरची रेल्वे वाहतूक थांबली. कॅसलरॉक हे शेवटचं स्टेशन झालं. गोव्यात नातेवाईक असलेल्या घरांना त्याची झळ बसली: मडगावला दिलेली मुलगी वर्षानुवर्षं माहेरी आली नाही, अशी घरं खानापूर भागात होती.

डिसेंबर १९६१ मध्ये चित्र पालटलं. ऑपरेशन विजयसाठी फौज बेळगावात जमली, मोठ्या प्रमाणावर रेल्वेनं. त्या दिवसांत नेहमीच्या गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं होतं. मुख्य कारवाई ‘सतराव्या’ इन्फन्ट्री डिव्हिजनची, प्रमुख मेजर जनरल कँडेथ. घाटावरून उतरलेली ६३ ब्रिगेड मात्र रेल्वेनं नव्हे, अनमोडच्या रस्त्यानं गेली. रेल्वे बोगद्यांतून फौज गेली असं सांगणाऱ्यांना हे सांगा. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि १९६२ मध्ये गाडी पुन्हा घाट उतरू लागली.

१५. मुंबईहून येताना मिरजेला गाडी का बदलावी लागायची?

रुळांच्या रुंदीमुळे. पूर्वी पुण्यापासूनच मीटर गेज होतं, त्यामुळे गाडी पुण्याला बदलायची. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज ब्रॉडगेज (रुंद रुळांचं) झालं आणि बदलण्याची जागा मिरजेला सरकली. पहाटे मिरजेला उतरायचं, हमालाच्या डोक्यावर होल्डऑल आणि ट्रंक, एका हातात पोर, दुसऱ्यात पाण्याची सुरई, आणि समोरच्या फलाटावर लहान डब्यांची गाडी शिट्टी देत उभी. जागा पकडायला एकाला आधी पिटाळायचं, तो खिडकीतून रुमाल टाकायचा. पुढे शेडबाळ, उगार, कुडची, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा करत बेळगाव.

१६. मीटर गेज कधी गेलं? काही शिल्लक आहे का?

१९९० च्या दशकात मिरज-लोंढा आणि मग लोंढा-वास्को रुंद झालं. गोव्याचा घाटभाग १९९७ च्या सुमारास पूर्ण झाला. बोगदे मोठे करावे लागले, पूल बदलावे लागले, त्यामुळे गोव्याची गाडी काही काळ बंदच होती.

शिल्लक आहे ते विखुरलेलं. जुन्या रुळांचे तुकडे आपल्याकडे सगळीकडे दिसतात: शेताच्या कुंपणाचे खांब, गोठ्याची तुळई. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत घंटा म्हणून हातभर लांबीचा रुळाचा तुकडा टांगलेला पाहिला. कडेला बोल्टाचं भोक, त्यातूनच तार ओवलेली, आणि जिथे शिपाई रोज मारतो तेवढीच जागा चांदीसारखी चकचकीत. बाकी गंजानं तपकिरी. असं काही तुमच्या गावात असेल तर रंगवून टाकू नका. रुळाच्या बाजूला बऱ्याचदा कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं, ते रंगाखाली जातं.

१७. कोकण रेल्वे बंद पडली की गाड्या लोंढ्यावरून का पाठवतात?

मडगावहून मुंबईकडे जायचा दुसरा रेल्वेमार्ग हाच आहे. पण घाट कुणाचं ऐकत नाही. २३ जुलै २०२१ ला कोकणात पूर आल्यानं मंगळूर-मुंबई गाडी इकडून वळवली, आणि दूधसागर ते सोनावळीच्या मध्ये दरड कोसळून तिचंच इंजिन आणि एक डबा घसरला. सुदैवानं प्रवासी वाचले.

१८. रुळावरून चालत दूधसागरला जाता येईल का? पूर्वी सगळे जायचे.

पूर्वी जायचे, आता नाही. रुळावरून चालणं रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये पावसाळी गर्दीला पोलिसांनी तिथेच उठाबशा काढायला लावल्या होत्या आणि त्यात आपल्याकडचेही होते, हे वेगळं सांगायला नको. पावसाळा संपला की कुळ्याहून वनखात्याच्या परवानगीनं जीप जातात. फक्त पाहायचं असेल तर घाटातून जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढा. बेळगावकरांना गोवा एक्स्प्रेस सोयीची. गाडी दिवसा घाटात असेल याची वेळापत्रकात खात्री करा, नाहीतर अंधार आणि बोगदे एवढंच पदरात पडेल.

१९. घाटात दुसरा रूळ टाकणार होते, त्याचं काय झालं?

तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली. मार्ग भगवान महावीर अभयारण्यातून जातो, हे कारण. कोळशाच्या वाहतुकीसाठीच हे चाललंय, असा गोव्यातल्या विरोधकांचा आक्षेप होता. घाटावर याची चर्चा फारशी झाली नाही, आणि ती व्हायला हवी होती असं माझं मत. जंगल कॅसलरॉकला संपत नाही.

२०. आजोबा रेल्वेत होते. कागदांवर ‘एम. एस. एम.’ लिहिलंय. ते गोवा लाइनीवर होते का?

असू शकतात, पण तेवढ्यावरून सांगता येत नाही. एम. एस. एम. म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. सदर्न मराठा १९०८ मध्ये मद्रास रेल्वेत मिसळून ही कंपनी झाली, आणि तिचं जाळं मद्रासपर्यंत पसरलं होतं. कागदाचा काळ नावावरून लावता येतो. नुसतं ‘एस. एम. आर.’ असेल तर १९०८ च्या आधीचा. ‘एम. एस. एम.’ असेल तर १९०८ ते १९५१ मधला. त्यातही १ एप्रिल १९४४ पासून कंपनी जाऊन सरकार आलं होतं. ‘सदर्न रेल्वे’ असेल तर एप्रिल १९५१ नंतरचा, ‘साउथ सेंट्रल’ असेल तर ऑक्टोबर १९६६ नंतरचा, आणि ‘साउथ वेस्टर्न’ असेल तर २००३ नंतरचा.

गोवा लाइन ओळखायची तर स्टेशनांची नावं शोधा. सर्व्हिस बुकात, बदलीच्या हुकमात किंवा क्वार्टरच्या पावतीत कॅसलरॉक, कुळे, सावर्डे असं काही असेल तर प्रश्न मिटला. जाड पुठ्ठ्याची जुनी तिकिटं सापडली तर त्यावर ठोकलेली तारीख उजेडात तिरकी धरून वाचा, शाई गेली तरी ठसा राहतो. लॅमिनेशन करू नका, पुठ्ठा आत कुजतो. वस्तू घरात ठेवायच्या नसतील तर भंगारात घालण्याआधी हुबळीच्या रेल्वे म्युझियममध्ये चौकशी करा.